हद्दीचा दगड आणि एकेक बाइट



आजच्या व्याख्यानाचा विषय फळ्यावर लागला तेव्हा दोघा-तिघांनी मला वाटेत गाठून विचारले, ‘इतिहासाच्या आसनावर बसून हे संगणकाचे पुराण कशासाठी?’ प्रश्न रास्त आहे. शंभर वर्षांमागे घडला तो इतिहास आणि परवा घडली ती बातमी, अशी आपली एक समजूत असते. पण आज या सभागृहात असा माणूस विरळा, की ज्याने गेल्या वर्षभरात एखादा दाखला, एखादे छायाचित्र किंवा एखादा अर्ज कुठल्या तरी संकेतस्थळावर चढविला नाही. कळ दाबली, निळी पट्टी सरकत सरकत शेवटास गेली, ‘आपली फाइल मिळाली’ असे शब्द उमटले, आणि आपण सुटकेचा निःश्वास टाकला. त्या पट्टीच्या पलीकडे काय घडते, आणि ते तसेच का घडते, याला साठ-सत्तर वर्षांचा इतिहास आहे. त्यात आपल्या मराठी अक्षरांचेही थोडे नशीब गुंतलेले आहे, म्हणून तो आपल्यापुढे मांडावयाचे मी ठरविले.

मी संगणकशास्त्राचा पंडित नव्हे. या विषयाकडे मी वळलो तो एका फजितीमुळे. एका संस्थेने लेख मागविले होते आणि ते साध्या मजकुराच्या फाइलीच्या रूपाने तिच्या संकेतस्थळावर चढवावयाचे होते. मी माझा लेख चढविला. प्रसिद्ध झाला तेव्हा पाहतो तो काय, दर पाच-सहा ओळींनंतर एखाद्या शब्दाच्या ऐन मध्यावर काळ्या चौकटीत पांढरी प्रश्नचिन्हे उभी! बाकीचा मजकूर अगदी शुद्ध. ‘पळून गेला’ या शब्दांतला ‘ळ’ पळून गेला होता आणि त्याच्या जागी ही चिन्हे पहारा देत होती. विचारणा केली तेव्हा ‘तुमच्या फाइलीतच दोष असावा’ असे उत्तर मिळाले. फाइल माझ्याजवळ होती. ती निर्दोष होती. पुढे त्या संस्थेचे हे काम पाहणारा तरुण ओळखीचा निघाला. त्याने दोन दिवस शोध घेतला आणि हसत हसत मला सांगितले, ‘सर, तुमचा ळ आमच्या यंत्राने मधोमध कापला.’

अक्षर मधोमध कापले म्हणजे काय? हा प्रश्न मी त्याला विचारला, आणि त्याच्या उत्तरापासून मागे मागे जात मी १९५६ सालापर्यंत येऊन पोहोचलो.

त्या वर्षी अमेरिकेतील आयबीएम कंपनीत ‘स्ट्रेच’ नावाच्या एका प्रचंड संगणकाची आखणी चालली होती. त्या कामातील वेर्नर बुखहोल्त्झ यांना, यंत्राने एका वेळी उचलावयाच्या बिटांच्या लहानशा गटाला एक नाव हवे होते. बिट म्हणजे शून्य किंवा एक, हे आपणांस ठाऊक आहेच. त्यांनी ‘घास’ या अर्थाचा इंग्रजी शब्द घेतला आणि घाईत लिहिताना त्याचा ‘बिट’ होऊ नये म्हणून त्यातले एक अक्षर मुद्दाम बदलले. हाच आपला बाइट. आज आठ बिटांचा बाइट आपण गृहीत धरतो, पण प्रारंभी हा घास कधी लहान, कधी मोठा असे. १९६४ साली आयबीएमने ‘सिस्टिम ३६०’ ही यंत्रमाला जाहीर केली, तिच्यात आठ बिटांचा बाइट पक्का झाला, आणि तिच्या यशामुळे तोच पुढे चलनी ठरला. आठ बिटांच्या २५६ जुळण्या होतात. म्हणून बाइट म्हणजे शून्यापासून २५५ पर्यंतची एखादी संख्या. आजच्या विषयापुरते एवढे गणित पुरे आहे.

आता फाइल म्हणजे काय? त्या काळच्या मोठ्या यंत्रांवर फाइल हे एक ठाकठीक बांधलेले दप्तर असे. प्रत्येक नोंद किती लांबीची, नोंदींचे गठ्ठे किती, हे आधीच सांगावे लागे. छिद्रे पाडलेल्या ऐंशी रकान्यांच्या पत्त्यांची ती सवय होती. १९६९ पासून बेल प्रयोगशाळेत केन थॉम्पसन आणि डेनिस रिची यांनी ‘युनिक्स’ ही कार्यप्रणाली रचावयास घेतली. १९७४ च्या जुलैत त्यांनी तिचे वर्णन करणारा जो निबंध प्रसिद्ध केला, त्यात एक साधी पण क्रांतिकारक गोष्ट आहे. त्यांच्या प्रणालीच्या दृष्टीने फाइलीला कसलीही अंगभूत रचना नाही. ती केवळ एकामागून एक येणाऱ्या बाइटांची रांग आहे. त्या रांगेत कविता आहे, छायाचित्र आहे की जमाखर्च आहे, हे ज्याचे त्याने पाहावे.

या कल्पनेचे जितके कौतुक करावे तितके थोडेच. पण तिच्या पोटात पुढच्या साऱ्या कटकटी दडलेल्या आहेत, हेही सांगितले पाहिजे. दप्तरदाराला जर कागदपत्र आणि रद्दी यांत भेद करावयाचा नसेल, तर तो भेद दुसऱ्या कोणाला तरी करावा लागतो. तो करणाऱ्याला रांग पहिल्यापासून, एकेक बाइट हाती घेऊन, वाचावी लागते.

आणि वाचावयाचे तरी कोठपर्यंत? ब्रायन कर्निहन आणि रिची यांनी १९७८ साली ‘सी’ या भाषेवर जे पुस्तक लिहिले, त्याच्या पहिल्याच प्रकरणात एकेक अक्षर वाचून ते जसेच्या तसे पुढे लिहिणारी चार-पाच ओळींची आज्ञावली आहे. जगातील लक्षावधी विद्यार्थ्यांनी ती गिरविली आहे. तिच्यात एक सूक्ष्म खाच आहे. बाइटाच्या किमती २५६. पण ‘पुढचा बाइट दे’ असे म्हटल्यावर मिळू शकणारी उत्तरे २५७. कारण ‘आता काही उरले नाही’ हेही एक उत्तरच आहे, आणि ते कुठल्याही बाइटासारखे दिसून चालत नाही. म्हणून उत्तर ठेवावयाचे भांडे बाइटापेक्षा मोठे घ्यावे लागते. घाईत कोणी ते बाइटाएवढेच घेतले, तर काही यंत्रांवर २५५ हा निरुपद्रवी बाइट भेटताच आज्ञावली फाइल संपली असे समजून थांबते, आणि इतर काही यंत्रांवर ती कधी थांबतच नाही. एकाच चुकीची ही दोन टोके! अशी आज्ञावली साध्या इंग्रजी मजकुरावर वर्षानुवर्षे बिनबोभाट चालते आणि छायाचित्र समोर आले की कोसळते.

‘संपले’ हे कसे सांगावे, या प्रश्नाने घातलेला घोळ एवढ्यावर थांबला नाही. लहान संगणकांवरील ‘सीपी/एम’ या प्रणालीत फाइलीची लांबी १२८ बाइटांच्या पटीत मोजली जाई. मजकूर मध्येच संपला तर शेवटाची खूण म्हणून २६ हा बाइट टाकीत. ही रूढी पुढे ‘डॉस’मध्ये आली आणि तिचे अवशेष ‘विंडोज’पर्यंत टिकले. आता छायाचित्रात २६ हा बाइट कोठेही येऊ शकतो. ‘मजकूर’ म्हणून उघडलेले छायाचित्र वाचताना यंत्र त्या बाइटापाशी येई आणि पुस्तक मिटून उठे! त्यातच ओळ संपल्याची खूण युनिक्समध्ये एका बाइटाची, १० ही, तर डॉसमध्ये दोन बाइटांची, १३ आणि १०. प्रत्येक घराण्याची रीत निराळी. घरातल्या घरात ते चालून गेले. अडचण आली ती घराबाहेर पडल्यावर.

घराबाहेर पडण्याच्या या कामात आरंभीच एका भारतीयाचे नाव येते, आणि ते आपल्याकडे फारसे घेतले जात नाही. अमेरिकेतील ‘अर्पानेट’ या जाळ्यावर पहिला संदेश २९ ऑक्टोबर १९६९ रोजी गेला. त्यानंतर दीडच वर्षाने, एप्रिल १९७१ मध्ये, एका यंत्रावरील फाइल दुसऱ्या यंत्रावर कशी न्यावी याची पद्धत सांगणारे टिपण एमआयटीतील अभय भूषण यांनी लिहिले. कानपूरच्या आयआयटीच्या पहिल्या तुकडीचे ते विद्यार्थी. ‘अभिप्रायार्थ विनंती’ अशा नम्र नावाखाली निघणाऱ्या टिपणांच्या मालेत त्याचा क्रमांक ११४ आहे. ही नम्रता नावापुरतीच हो. जाळ्याचे बरेचसे कायदे याच मालेतून आलेले आहेत. भूषण यांच्या पद्धतीतून जे विकसित झाले त्यात फाइल नेण्याच्या दोन मुख्य रीती होत्या. मजकुराची रीत वापरली की ओळीच्या शेवटच्या खुणा वाटेत बदलून पलीकडच्या घराण्याप्रमाणे केल्या जात. दुसऱ्या रीतीत एकही बिट न बदलता सारे जसेच्या तसे जाई. १९८५ च्या नियमावलीत न सांगता गृहीत धरावयाची रीत मजकुराची होती. म्हणजे विसराळू माणसाने छायाचित्र पाठविले की वाटेत त्याचे ‘शुद्धलेखन’ होई आणि पलीकडे चित्राऐवजी चिंध्या पोहोचत.

टपालाची तऱ्हा तर आणखी निराळी. संगणकीय टपाल सात बिटांच्या अक्षरांसाठी आखलेले होते. आठवा बिट वाटेत गळाला तर तक्रार कोणाकडे नाही. १९९२ च्या जूनमध्ये नॅथॅनिएल बोरेनस्टाइन आणि नेड फ्रीड यांनी ‘माइम’ नावाची पद्धत मांडली. तीन बाइटांची चार साधी अक्षरे करून पाठवावयाची, पोहोचल्यावर उलट करावयाचे. वजन एक तृतीयांशाने वाढले तरी माल शाबूत. याच पद्धतीत त्यांनी एका लिफाफ्यात अनेक वस्तू घालण्याची युक्ती काढली. वस्तूंच्या मध्ये एक हद्दीचा दगड रोवावयाचा, म्हणजे मालात कोठेही न येणारी अशी एक अक्षरांची ओळ. ती दिसली की समजावे, एक वस्तू संपली, दुसरी सुरू झाली. हा दगड लक्षात ठेवावा. पुढची सारी कथा त्याच्याभोवती फिरणार आहे.

टिम बर्नर्स-ली यांचे विश्वव्यापी जाळे १९८९-९० मध्ये जिनिव्हाजवळच्या सर्न या संस्थेत जन्मले, ते मुख्यतः वाचण्यासाठी. माणूस मागणार आणि जाळे देणार. पुढे अर्ज भरण्याच्या चौकटी आल्या, तेव्हा माणूसही काही देऊ लागला. पण ते नाव, गाव, वय एवढेच. ते पाठविण्याची रीतही तेवढ्याच मापाची होती. साधे इंग्रजी अक्षर वा अंक असेल तर जसाच्या तसा, अन्यथा त्या बाइटाऐवजी टक्क्याचे चिन्ह आणि दोन अक्षरे. एका बाइटाची तीन अक्षरे झाली. आपला ‘म’ या रीतीने आज पाठविला तर नऊ अक्षरांचा होतो! नावगावाला हे परवडते. छायाचित्र असे तिप्पट फुगवून पाठविणे शहाणपणाचे नव्हते.

नोव्हेंबर १९९५ मध्ये त्या टिपणमालेत लागोपाठ दोन टिपणे निघाली. १८६६ क्रमांकाच्या टिपणाने जाळ्यावरील पानांची भाषा नियमबद्ध केली. त्याला खेटून निघालेल्या १८६७ मध्ये झेरॉक्स कंपनीतील अर्नेस्टो नेबेल आणि लॅरी मॅसिंटर यांनी सुचविले, की अर्जात एक नवी चौकट असावी, तिच्यात माणसाने आपल्याजवळची फाइल निवडावी आणि ब्राउझरने ती अर्जासोबत पाठवावी. टिपणावर ‘प्रायोगिक’ असा शिक्का होता. नेटस्केप नॅव्हिगेटरच्या दुसऱ्या आवृत्तीत ही चौकट आलीही. आज आपण जो दाखला चढवितो तो याच प्रयोगाच्या वाटेने जातो.

मालाची बांधणी त्यांनी ‘माइम’मधून उचलली. प्रथम हद्दीचा दगड. मग दोन-तीन ओळींची पाटी, तिच्यावर चौकटीचे नाव, फाइलीचे नाव आणि मालाचा प्रकार. मग एक कोरी ओळ. आणि मग फाइलीचे बाइट, न फुगविलेले, जसेच्या तसे. शेवटी पुन्हा दगड. बांधणी सुटसुटीत आहे. पण घेणाऱ्याच्या बाजूने विचार करा. सगळ्या गाठोड्याचे वजन त्याला आधी कळते, परंतु आतल्या एकेका वस्तूचे वजन पाटीवर नसते. म्हणजे फाइल कोठे संपली हे कळण्यासाठी पुढचा दगड शोधणे आले, आणि दगड शोधण्यासाठी मधला सारा माल चाळणे आले. सराफ थैली घेतो तेव्हा ‘आत पाचशे नाणी आहेत’ असे सांगितले तर तो पाचशे मोजून थांबतो. येथे त्याला सांगितलेले आहे की, तांब्याची अमुक छापाची मुद्रा दिसेपर्यंत मोजत राहा. माझ्या मते वजन पाटीवर लिहिणे अधिक सरळ झाले असते. जाळ्याच्या मूळ वाहतूक-पद्धतीने १९९७ च्या जानेवारीत माल तुकड्यांनी पाठविण्याची जी रीत घेतली, तिच्यात प्रत्येक तुकड्याची लांबी आधी सांगितली जाते. पण रूढ झालेला रस्ता कोणी उखडीत नाही.

या रस्त्यावरच्या पहिल्या वाटसरूंचे हाल ऐकण्यासारखे आहेत. इलिनॉय विद्यापीठातील एनसीएसए या संस्थेत १९९३ साली ‘सीजीआय’ नावाचा संकेत ठरला. सर्व्हरने आलेला माल आज्ञावलीच्या तोंडाशी ओतावयाचा, आणि किती बाइट आहेत ती संख्या वेगळी कळवावयाची. मात्र माल संपल्यावर ‘संपला’ असे सांगण्याचे बंधन सर्व्हरवर नव्हते. नवशिका ‘संपेपर्यंत वाचतो’ असे लिहून ठेवी आणि त्याची आज्ञावली न येणाऱ्या बाइटाची वाट पाहत ताटकळत राही. विंडोजवर आणखी एक खोडा: तोंडाशी येणारा प्रवाह मजकूर म्हणूनच उघडलेला असे, आणि मग आमचा जुना मित्र २६ वाटेत दगा देई. ‘प्रवाह आधी कच्च्या बाइटांचा कर आणि मग वाच’, ही एक ओळ विसरल्याने किती रात्री वाया गेल्या असतील!

दगडाभोवतीची बारीक कामे तर डोळ्यांत तेल घालून करावयाची. दगडाच्या आधी ओळ संपल्याच्या खुणेचे दोन बाइट असतात. ते दगडाचे, फाइलीचे नव्हेत. ते फाइलीला जोडले तर प्रत्येक फाइल दोन बाइटांनी मोठी होते. छायाचित्राला त्याचे काही वाटत नाही, परंतु फाइल जशीच्या तशी आली की नाही हे जो ताडून पाहील त्याला ती दुसरीच वाटते. याहून कठीण प्रकार तुकड्यांचा. मोठी फाइल सगळीच्या सगळी यंत्राच्या स्मृतीत घेता येत नाही. काही हजार बाइटांचा घास घ्यावयाचा, चावावयाचा, खाली ठेवावयाचा. पण दगडाचा अर्धा भाग या घासात आणि अर्धा पुढच्यात आला तर? दोन्ही वेळा तो ओळखू येणार नाही आणि दगडच फाइलीत जमा होईल.

पर्ल या भाषेत लिंकन स्टाइन यांनी लिहिलेल्या ‘सीजीआय-पीएम’ या ग्रंथिकेने यावर काढलेला तोडगा मला फार आवडतो. स्टाइन हे जनुकशास्त्राच्या प्रांतातले. चार अक्षरांच्या अखंड रांगांत खुणा शोधणे हे त्या शास्त्राचे नित्यकर्मच. त्यांची आज्ञावली घासातला सगळा माल कधीच हातचा सोडीत नाही. दगडाच्या लांबीइतके शेवटचे बाइट ती राखून ठेवते, पुढचा घास आला की त्याला जोडते, आणि मगच ठरविते की हा माल होता की दगडाची सुरुवात होती. १९९७ मध्ये ही ग्रंथिका पर्लसोबतच मिळू लागली आणि २०१५ पर्यंत मिळत राहिली.

एकेक बाइट तपासणे हे सुरक्षित खरे, पण संथ. येथे एक जुने गणित कामी आले. रॉबर्ट बॉयर आणि जे मूर यांनी १९७७ साली दाखविले होते, की लांब मजकुरात एखादी खूण शोधताना ती पुढून नव्हे तर मागून जुळवून पाहावी. दगड चाळीस अक्षरांचा असेल तर सरळ चाळिसावा बाइट पाहावा. तो दगडात कोठेच नसणारा निघाला तर आधीचे एकोणचाळीस पाहण्याचे कारणच नाही. चाळीस पावले एकदम पुढे. २०१० च्या सुमारास ‘नोड’ या व्यवस्थेसाठी लिहिलेल्या ‘फॉर्मिडेबल’ नामक ग्रंथिकेने हीच युक्ती चढविलेल्या फाइलींना लावली. सगळे वाचल्याची खात्री, आणि तरीही बरेचसे न वाचलेले! विद्यार्थ्यांनी मात्र ही युक्ती परीक्षेला लावू नये.

येथवरचा इतिहास अडचणींचा झाला. आता लबाडीचा.

पाटीवर फाइलीचे नाव आणि प्रकार असतो असे मी म्हटले. ही पाटी लिहितो कोण? पाठविणारा. त्याने ‘छायाचित्र’ असे लिहिले म्हणून आत छायाचित्रच असेल, याला आधार काय? शिवाय पाटीच जास्त बोलून जाते असेही झाले. इंटरनेट एक्स्प्लोअरर हा ब्राउझर कित्येक वर्षे नुसत्या नावाऐवजी आपल्या संगणकावरील कपाटाचा सारा पत्ताच पाटीवर लिहून पाठवी. पण खरा धोका पाटी वाचणाऱ्याच्या चुकीत होता. ‘पीएचपी’ या भाषेवर असंख्य संकेतस्थळे चालतात. २००२ च्या फेब्रुवारीत स्टेफान एसर यांनी दाखवून दिले, की गाठोडे सोडविणाऱ्या तिच्या भागातच अनेक दोष आहेत. एका ठिकाणी तर मोजणी एकाच बाइटाने चुकत होती. मुद्दाम वेडीवाकडी बांधणी करून गाठोडे पाठविले की पाठविणाऱ्याला त्या यंत्रावर आपली आज्ञा चालविता येण्याची शक्यता होती. संकेतस्थळाच्या मालकाने फाइल मागितलीही नसली तरी भागत नसे, कारण गाठोडे भाषाच परस्पर सोडवीत होती. त्याच महिन्यात दुरुस्त आवृत्ती काढावी लागली.

म्हणून पाटी बाजूस ठेवून पोटातले बाइट पाहण्याची शिस्त आली. बहुतेक प्रकारच्या फाइलींच्या आरंभी ओळखीचे काही बाइट असतात. यांत ‘पीएनजी’ या चित्रप्रकाराचे आठ बाइट म्हणजे दूरदृष्टीचा नमुनाच. १९९४ च्या अखेरीस, प्रचलित ‘जिफ’ चित्रांत वापरलेल्या पद्धतीवर पेटंटचे शुल्क लागणार असे जाहीर झाले, तेव्हा जाळ्यावरच्या काही मंडळींनी मिळून हा नवा प्रकार रचला. ऑक्टोबर १९९६ मध्ये तो मान्य झाला. त्याचे पहिले आठ बाइट असे: १३७, ८०, ७८, ७१, १३, १०, २६, १०. यांतला एकही वायफळ नाही. १३७ चा आठवा बिट चालू आहे. वाटेत कोणी सात बिटांची चाळण लावली तर तो बदलतो आणि चोरी उघडी पडते. पुढचे तीन म्हणजे प्रकाराच्या नावाची तीन इंग्रजी अक्षरे. १३ आणि १० ही डॉसची ओळखूण. कोणी ओळींचे ‘शुद्धलेखन’ केले तर येथे कळते. २६ मुळे डॉसवर चुकून कोणी चित्र मजकूर म्हणून पाहू लागला तर पडद्यावर कचरा न पडता छापणे थांबते. शेवटचा १० उलट दिशेच्या शुद्धलेखनासाठी. मी मघापासून ज्या ज्या अपघातांची हकिगत सांगितली, ते सारे या आठ संख्यांत नोंदलेले आहेत. एखाद्या शिलालेखात लढायांची जंत्री असावी तशी ही जंत्री आहे.

तरीही आरंभ पाहिला म्हणजे सारे पाहिले असे होत नाही. ‘झिप’ प्रकारच्या फाइलीची अनुक्रमणिका तिच्या शेवटी असते, तर जिफ चित्र आरंभापासून वाचले जाते. तेव्हा पुढून चित्र आणि मागून झिप अशी दुतोंडी फाइल करता येते. २००८ साली संशोधकांनी ती करून दाखविली. आणि २०१६ च्या मे महिन्यात ‘इमेजमॅजिक’ या चित्रे लहानमोठी करणाऱ्या सर्वत्र प्रचलित साधनात असा दोष सापडला, की छायाचित्राच्या नावाने आलेल्या फाइलीत रेखाटनाच्या आज्ञा लिहिल्या तर त्यांच्या आडून सर्व्हरवरच हुकूम सोडता येई. साधन पाटीवर विश्वास ठेवीत नव्हते, पोटातले बाइट पाहूनच प्रकार ठरवीत होते. आणि पोटात जे सापडले त्याच्या आहारी गेले. तेव्हाचा एक तातडीचा उपाय म्हणून सांगितले गेले, की फाइल साधनाच्या हाती देण्यापूर्वी आरंभीचे बाइट अपेक्षित चित्रप्रकाराचेच आहेत ना, हे आपणच पाहून घ्या.

असो. माझा ‘ळ’ अद्याप कापलेलाच आहे, त्याच्याकडे वळतो.

१९९१ च्या भारतीय मानकात आपल्या लिप्यांतील अक्षराला एकेक बाइट दिलेला होता. तेथे अक्षर कापले जाण्याचा संभव नव्हता. मात्र जगातील सर्व लिप्या एकत्र नांदवावयाच्या तर २५६ खोल्या पुरणार कशा? सप्टेंबर १९९२ मध्ये न्यू जर्सीतील एका उपाहारगृहात केन थॉम्पसन यांनी, म्हणजे त्याच युनिक्सवाल्या थॉम्पसन यांनी, रॉब पाइक यांच्या सोबतीने जेवणाच्या टेबलावरील कागदी चटईवर एक रचना लिहून काढली. तिला आज ‘यूटीएफ-८’ म्हणतात. तिच्यात इंग्रजी अक्षर एका बाइटाचे, देवनागरी अक्षर तीन बाइटांचे. ‘म’ म्हणजे २२४, १६४, १७४. ‘मराठी’ हा शब्द काना आणि वेलांटी धरून पाच चिन्हांचा, म्हणजे पंधरा बाइटांचा. तिप्पट जागा लागते हा आपल्यावर अन्याय, असे म्हणणारे भेटतात. पण त्या रचनेत एक मोठी सोय आहे, ती त्यांच्या ध्यानात येत नाही. अक्षराचा पहिला बाइट आणि पुढचे बाइट यांचे पल्ले वेगवेगळे आहेत. १२८ ते १९१ यांमधला बाइट दिसला की समजावे, आपण अक्षराच्या मध्ये उभे आहोत. एक-दोन पावले मागे गेले की अक्षराचा उंबरठा सापडतोच.

त्या संस्थेची आज्ञावली फाइल १०२४ बाइटांच्या घासांनी वाचीत होती, आणि प्रत्येक घासाचा तेथल्या तेथे मजकूर बनवीत होती. १०२४ ला तीनने भागा: ३४१ अक्षरे होतात आणि एक बाइट उरतो. तो एकटा बाइट म्हणजे पुढच्या अक्षराचे डोके. धड पुढच्या घासात. दोन्ही तुकडे निरर्थक ठरून त्यांच्या जागी प्रश्नचिन्हे उमटत. शब्दांमधल्या मोकळ्या जागा एकेका बाइटाच्या असल्याने कधी कधी घास नेमका उंबरठ्यावर तुटे आणि मजकूर वाचे. दोष दर वेळी त्याच जागी दिसत नसे, म्हणून तो सापडतही नव्हता. इंग्रजीत प्रत्येक अक्षर एका बाइटाचे. तेथे हा दोष दिसण्याचे कारणच नव्हते, आणि संस्थेने आज्ञावली तपासली होती ती इंग्रजी लेख चढवून.

त्या तरुणाने जी दुरुस्ती केली ती तीन-चार ओळींची होती. घासाच्या शेवटी अक्षर अपुरे असेल तर तेवढे एक-दोन बाइट बाजूला ठेवावयाचे आणि पुढच्या घासाच्या आधी जोडावयाचे. पर्लमधल्या त्या जुन्या ग्रंथिकेने हद्दीच्या दगडासाठी जे केले, तेच याने माझ्या ‘ळ’साठी केले; मात्र त्या ग्रंथिकेचे नाव त्याने ऐकलेले नव्हते. दुसऱ्या दिवशी त्याच्यासमोर बसून मी लेख पुन्हा चढविला. पट्टी शेवटास गेली, पान उघडले. ‘पळून गेला’ हे शब्द आम्ही दोघांनी वाचून पाहिले, आणि मग चहा मागविला.